रस्ता जपला, वस्ती नांगरली

शाळेच्या पुस्तकांपासून संग्रहालयातल्या फलकांपर्यंत रोमन रस्त्याचं एकच चित्र वर्षानुवर्षं फिरतं आहे. तळाला मोठाले दगड, त्यावर चुन्यात कालवलेली खडी, त्यावर बारीक मिश्रणाचा थर आणि सगळ्यात वर एकमेकांना भिडवून बसवलेल्या फरश्या. चार थरांना चार लॅटिन नावं: स्टॅट्युमेन, रूडुस, न्यूक्लिउस आणि सुम्मुम डोर्सुम. हे चित्र चुकीचं आहे, आणि चूक कुठे झाली तेही ठाऊक आहे. व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुतज्ज्ञाने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात घरातली जमीन कशी करावी हे सांगताना यातल्या पहिल्या तिन्ही थरांचं वर्णन केलं. १६२२ साली निकोला बेर्जिए या फ्रेंच विद्वानाने ते उचलून रस्त्याला लावलं. चारशे वर्षं झाली, चित्र पुसलेलं नाही.

खोदल्यावर दिसतं ते वेगळं, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं. दोन बाजूंना चर खणायचे, निघालेली माती मधे टाकून भराव घालायचा, भरावावर जवळपास मिळेल ते टाकून ठोकायचं, आणि मधला भाग कडांपेक्षा उंच ठेवायचा म्हणजे पाणी आपोआप दोन्ही चरांकडे उतरतं. चुनखडीच्या प्रदेशात गारगोट्या, नदीखोऱ्यात वाळूमिश्रित गोटे, ससेक्समधल्या वील्डच्या जंगलात लोखंडाच्या भट्ट्यांची मळी. त्या मळीतलं लोह गंजून सगळा थर एकजीव होतो. दलदल असेल तिथे आधी फांद्या आणि ओंडके अंथरायचे. फरसबंदी होती ती मुख्यतः इटलीत, शहरांच्या तोंडाशी आणि भूमध्य समुद्राकाठच्या श्रीमंत प्रांतांत. उत्तरेकडचे बहुतेक रस्ते खडीचे, आणि खडीचा रस्ता म्हणजे सततची डागडुजी. म्हणून अशा रस्त्याचा आडवा काप घेतला की खडीवर खडी चढलेली दिसते. ते आधी योजून टाकलेले थर नव्हेत. पिढ्यांमागून पिढ्यांनी केलेली ती दुरुस्ती आहे.

थरांची ही चूक एका मोठ्या चुकीची लहान बाजू आहे. त्या चित्रातला काप चरापाशी संपतो. चराच्या पलीकडे काय होतं ते चित्रात येतच नाही. रोमन रस्त्याचं कौतुक होतं ते त्याच्या सरळपणाचं, बांधकामाचं, सैन्याच्या वेगाचं, आणि जपलंही जातं तेवढंच. २०२४ च्या जुलैत नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत रोमहून दक्षिण इटलीत जाणाऱ्या, आठशे किलोमीटरहून लांब असलेल्या व्हिया आप्पिआ या रस्त्याचा वारसायादीत समावेश झाला, ते योग्यच झालं. पण ब्रिटनमध्ये, गॉलमध्ये (आजचा फ्रान्स), ऱ्हाइनकाठी, थ्रेसमध्ये (आजच्या बल्गेरियाच्या बाजूला) रस्त्यांच्या कडेला ज्या साध्या वस्त्या वाढल्या, त्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी ना कुंपण आलं ना फलक. माझं म्हणणं सरळ आहे. रोमन रस्ता म्हणजे काय होता याचा सगळ्यात चांगला पुरावा या वस्त्यांत आहे, आणि निदान इंग्लंडपुरतं बोलायचं तर कायदा आणि पैसा या दोघांनीही त्यांना वाऱ्यावर सोडलं आहे.

रस्त्याकडेच्या वस्तीला चौक नसतो, सभागृह नसतं, सुरुवातीला तटबंदीही नसते. बहुतेकदा कुणी आराखडा काढून ती वसवलेली नसते. आधी रस्ता येतो, मग नदीच्या उताराशी किंवा फाट्यावर दोन-चार गाळे उभे राहतात, आणि शंभरेक वर्षांत दोन्ही बाजूंना लांबच लांब रांग होते. गाळे अरुंद आणि खोल: दर्शनी बाजू साधारण पाच ते दहा मीटर, खोली पंधरा ते तीस. कारण उघड आहे. किंमत रस्त्याला लागून असलेल्या जागेला होती आणि ती प्रत्येकालाच थोडीथोडी हवी होती. जुन्या पेठेत हिंडलेल्या मराठी माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. पुढे दुकान, मधे राहती खोली, मागे कामाची जागा आणि परसू.

खरा संसार या परसात आहे. विहीर, लोहाराची भट्टी, धान्य वाळवायची भट्टी, कुंभाराचा आवा, कचऱ्याचे खड्डे, गोठा, कधी एखाद्या कोपऱ्यात तान्ह्या मुलाचं दफन. पीटरबरोजवळच्या ड्युरोब्रिवी या गावाभोवती तर आव्यांची गर्दी होती. नीन नदीच्या खोऱ्यातली गडद लुकणाची भांडी तिथून ब्रिटनभर गेली. परसाच्या टोकाला हद्दीचा चर असतो. रस्त्याकडेचा चर पुन्हापुन्हा उपसलेला दिसतो. उपसणं थांबलं की त्यात खापरं, हाडं, नाणी साचू लागतात, आणि वस्ती केव्हा भरात होती, केव्हा ओसरली, हे त्या साचलेल्या थरांवरून कळतं.

वस्तूही बोलक्या असतात. घोड्या-खेचरांच्या खुराला वाद्यांनी बांधायचे लोखंडी जोडे, चाक आखावरून निसटू नये म्हणून घालायच्या खिळी, तराजूची वजनं, मेणाच्या पाटीवर लिहायच्या लोखंडी लेखण्या, गाठीवरचं मेणाचं सील झाकणाऱ्या छोट्या ब्राँझच्या डब्या. या डब्या आणि लेखण्या फार महत्त्वाच्या वाटतात, कारण जिथे शिलालेख नाही, दगडी इमारत नाही, तिथेही कुणीतरी हिशेब लिहीत होतं, माल सील करून पुढे धाडत होतं, हे त्यावरून सिद्ध होतं. एक सावधगिरी मात्र हवी. मधे अंगण असलेली मोठी इमारत सापडली की तिला ‘मान्सिओ’ म्हणजे सरकारी मुक्कामाची जागा म्हणायची इंग्लंडमध्ये जुनी खोड आहे. यातल्या बहुतेक इमारतींमध्ये तसं सांगणारा एकही लेख मिळालेला नाही. ते एखाद्या सधन व्यापाऱ्याचं घर असेल, देवस्थानाला येणाऱ्यांची उतरण्याची सोय असेल. एकदा नाव ठेवलं की पुढचा प्रश्न विचारला जात नाही.

सरकारी मुक्काम होते, यात शंका नाही. ऑगस्टसने घालून दिलेल्या टपाल-वाहतुकीच्या व्यवस्थेत जनावरं बदलायची ठिकाणं साधारण दहा-बारा रोमन मैलांवर आणि रात्रीचा मुक्काम दिवसभराच्या चालीवर असे. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, सुमारे १,४८० मीटर. इ.स. ३३३ मध्ये बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या एका अनाम यात्रेकरूने वाटेतले टप्पे याच भाषेत नोंदवले आहेत: इथे जनावरं बदलली, इथे मुक्काम, मधे इतके मैल. ३५७ सालच्या फर्मानाप्रमाणे सरकारी चारचाकी गाडीवर हजार रोमन पौंडांहून, म्हणजे सुमारे ३२७ किलोंहून, जास्त ओझं घालायला मनाई होती. तेवढ्या ओझ्यासाठी उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात दहा खेचरं जुंपायची. ही खेचरं, त्यांचा दाणा-वैरण, त्यांचे मोतद्दार, यांचा भार शेवटी वाटेवरच्या मुलखावर पडे.

इथे नेहमीचं गणित उलटतं. रस्ता आला म्हणजे गिऱ्हाईक आलं, असं आपण धरून चालतो. पण सरकारी परवान्यावर फिरणारा माणूस गिऱ्हाईक नव्हता. आशिया मायनरमधल्या सागालासॉस नगराच्या हद्दीसाठी सम्राट टायबेरिअसच्या काळात काढलेला लॅटिन आणि ग्रीक अशा दोन भाषांतला हुकूम सापडला आहे. सिनेटरला दहा गाड्यांपर्यंत हक्क, त्याखालच्यांना किती, गाडीला दर काय, खेचराला काय, गाढवाला काय, आणि राहायची सोय कुणाला फुकट, हे सगळं त्यात बारकाईने लिहिलं आहे. दर ठरवून तो दगडावर कोरून लावावा लागला, यावरूनच हक्काबाहेर ओरबाडणं किती बोकाळलं होतं ते कळतं.

याहून बोलका लेख थ्रेसमधला आहे. २३८ साली स्काप्टोपारा (आजच्या बल्गेरियातलं ब्लागोएव्हग्राद) या गावाने सम्राट तिसऱ्या गॉर्डिअनकडे अर्ज केला. गावात गरम पाण्याचे झरे, दोन मैलांवर पंधरा दिवस चालणारी नावाजलेली जत्रा, आणि गाव दोन लष्करी तळांच्या मधे. वरवर पाहता याहून मोक्याची जागा नाही. अर्जात मात्र हीच जागा गावाच्या मुळावर आल्याचं लिहिलं आहे. जत्रेला येणारे लोक, शिवाय दुसरीकडे धाडलेले शिपाईसुद्धा आपली वाट सोडून गावात शिरतात, मुक्काम मागतात, शिधा मागतात आणि एक पैसा देत नाहीत. पूर्वी घरं पुष्कळ होती, आता थोडी उरली. असंच चाललं तर आम्ही वाडवडिलांची घरं सोडून जाऊ आणि मग नुकसान सरकारी खजिन्याचंच होईल. सम्राटाचं उत्तर दोन ओळींचं आहे: अशी तक्रार आधी प्रांताच्या सुभेदारापुढे जावी. अठराशे वर्षांपूर्वीच्या या गावकऱ्यांचं म्हणणं वाचताना आजही मन अस्वस्थ होतं, कारण त्यांनी आपलं दुःख सांगून पाहिलं आणि शेवटी महसुलाची भाषा वापरली. तीच ऐकली जाईल हे त्यांना कळलेलं होतं.

याच प्रांतात २०२ साली पिझॉस नावाची पेठ सुभेदाराने रस्त्यावर मुद्दाम वसवली. नऊ गावांतून दीडशेहून जास्त माणसं आणून बसवली, त्यांची नावं दगडावर कोरली, आणि त्यांना धान्याच्या वसुलीतून, पहाऱ्याला माणसं पुरवण्यातून आणि वाहतुकीच्या वेठीतून माफी दिली. आपल्याकडे कौल देऊन पेठा वसवत, तसाच हा कौल. सरकारी रस्ता, नवं स्नानगृह, सरकारी इमारती एवढं सगळं देऊनही वेठीची माफी लिहून द्यावी लागली. रस्त्यामुळे लोक आपोआप येऊन वसतात हा समज खुद्द रोमन प्रशासनाचा नव्हता.

पैसे देणारा प्रवासी होता, त्याचा हिशेबही आपल्याकडे आहे. इटलीतल्या इसेर्नियात सापडलेल्या एका दगडावर सराईवाला आणि निघालेला प्रवासी यांचं बोलणं कोरलं आहे. अर्धा लिटरभर दारू आणि भाकरी मिळून एक आस (तांब्याचं रोमन नाणं), तोंडीलावणं दोन आस, मुलगी आठ आस, खेचराचं गवत दोन आस. तोंडीलावणं आणि गवत एका भावाने, आणि मुलगी त्याच्या चौपट. हा दगड सराईवाल्याने हौसेने कोरून घेतलेला दिसतो. सराईत राबणाऱ्या बाईला रोमन कायद्याने अब्रूच नाकारली होती. रस्त्याच्या भव्यतेबद्दल लिहिताना या आठ आसांना जागा मिळत नाही, ती मिळायला हवी.

रस्त्याच्या खर्चाचंही तसंच. मुख्य रस्ते राज्याचे, पण आडवाटांची डागडुजी आसपासच्या जमीनधारकांकडून करवून घेत: कुणाकडून मजूर मागायचे, कुणाला ठरावीक लांबीचा तुकडा नेमून द्यायचा. मुख्य रस्त्यावरही हात झटकता येत नसत. दक्षिण इटलीतल्या बेनेव्हेंतुमच्या पुढे व्हिया आप्पिआचे पावणेसोळा मैल सम्राट हेड्रिअनने १२३ साली दुरुस्त केले. मैलाच्या दगडावर खर्च लिहिला आहे: सम्राटाचे ११,४७,००० सेस्टर्स (रोमन नाणी), आणि शेतजमिनीच्या मालकांनी दिलेले ५,६९,१००. बेरीज केली तर मैलाला सुमारे एक लाख नऊ हजार, आणि त्यातला तिसरा हिस्सा कडेच्या शेतकऱ्यांचा. दगडावर नाव सम्राटाचं.

आता आजच्या वादाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी रोमन रस्त्यांचं जाळं आणि रात्री उपग्रहातून दिसणारा दिव्यांचा उजेड यांची सांगड घातली. युरोपात जिथे रोमन रस्ते दाट होते तिथे आजही उजेड जास्त आहे. यावरून ‘रस्ते बांधा, दोन हजार वर्षांनीही फळ मिळेल’ असे मथळे निघाले. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मथळ्यांत आली नाही. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात हा संबंध दिसत नाही. तिथे उत्तर-रोमन काळात चाकाची गाडीच मागे पडली आणि उंटाने तिची जागा घेतली. रस्ता तोच राहिला, पण त्याची गरज संपली. यातलं व्यवहाराचं गणित सम्राट डायोक्लिशनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात आहे. १,२०० पौंडांच्या गाडीला मैलामागे २० दिनार, आणि ६०० पौंडांच्या उंटाला ८. म्हणजे तेवढाच माल दोन उंटांवर लादला तर १६ दिनारांत जातो. उंटाला भराव नको, खडी नको, चर नको.

आपल्याकडचा एक दाखला इथे चपखल बसतो. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासटिपणात म्हटलं आहे की पैठण आणि तेर इथला माल गाड्यांत घालून, बिनरस्त्याच्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला आणतात. फरसबंदी नसतानाही पैठण आणि तेर ही गावं मोठी झाली आणि त्यांचा माल रोमपर्यंत पोचला. तेव्हा रस्ता आणि भरभराट यांचं नातं तपासायचं तर नकाशावरच्या रेघा मोजून भागणार नाही. थांबण्याच्या जागांवर काय घडलं ते बघावं लागेल: कुठे बाजार टिकला, कुठे वेठीने गाव उठलं, कुठे रस्ता बंद पडल्यावरही लोहार राहिला. हा पुरावा परसातल्या खड्ड्यांत आणि चरांत आहे, आणि तोच आज नांगराखाली जातो आहे.

कसा जातो ते नीट सांगायला हवं. इंग्लंडमधल्या या वस्त्यांतली बहुतेक घरं लाकडी होती. जमिनीवर आडवी तुळई, तिच्यावर उभा सांगाडा, भिंती कुडाच्या. अशा घराची खूण मातीत फार उथळ असते: तुळईचा पट्टा, ठोकलेली भुई, चुलीपाशी लाल झालेली जागा. नांगरटीचा थर पंचवीस-तीस सेंटीमीटरचा आणि भुई त्याच्या लगेच खाली. उतारावरची माती दर पावसाळी मोसमात थोडी खाली सरकते, नांगर मात्र ठरल्या खोलीवर चालतो. म्हणजे शेतकऱ्याने फाळ एक बोटही खाली केला नाही तरी तो जुन्या थरात उतरत राहतो. बटाटा आणि साखरबीट ही पिकं आली की नुकसान वाढतं. खोल वाफे, दगड वेगळे करणारं यंत्र, काढणीबरोबर शेताबाहेर जाणारी माती. तळाचा कडक थर फोडणारा सबसॉयलर तर चाळीस-पन्नास सेंटीमीटर आत घुसतो. आधी भुया जातात, मग चुली, मग भिंतींचे पट्टे. उरतात ते खोल खड्डे, विहिरी आणि चर. उत्खननाच्या अहवालात मग ‘इमारतींचा पुरावा मिळाला नाही’ असं येतं, आणि पुढचा वाचक समजतो की वस्ती विरळ आणि गरीब होती.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या राखट मातीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’. इंग्लंडमध्ये हे रंग उलटे आहेत. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या चिपिंग वॉर्डनजवळच्या एका शेताला ‘ब्लॅकग्राउंड्स’ हे नाव तिथल्या काळपट मातीवरून पडलं, आणि ती माती काळी झाली ती शेकडो वर्षांच्या चुली, भट्ट्या आणि कचऱ्याने. शेतकऱ्यांनी रंग ओळखला, नाव ठेवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पांढरीबद्दलची आपल्या गावांतली समज याच जातीची आहे.

कायद्याकडे पाहिलं की खंत वाटते. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याने ‘स्मारक’ म्हणजे मुख्यतः इमारत, बांधकाम, गुहा किंवा खोदकाम. शेतभर पसरलेली खापरं आणि नाणी, ज्यांच्याखाली अजून ओळखता येईल असं बांधकाम दाखवलेलं नाही, त्या व्याख्येत सहज बसत नाहीत. स्कॉटलंडने २०११ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंद केली: माणसाच्या पूर्वीच्या वावराचा पुरावा देणाऱ्या वस्तूंचा समूह असलेली जागाही संरक्षित करता येते. इंग्लंडने ते केलं नाही. ज्या वस्त्या संरक्षित यादीत आहेत त्यांचंही पूर्ण भलं झालेलं नाही. १९९४ च्या आदेशाप्रमाणे मागच्या सहा वर्षांत त्याच जागी कायदेशीरपणे नांगरट झाली असेल तर तशीच, तेवढ्याच खोलीची नांगरट वेगळी परवानगी न घेता चालू ठेवता येते. वर म्हटल्याप्रमाणे ‘तेवढीच खोली’ हे शब्द उताराच्या शेतात फसवे आहेत.

धातुशोधक यंत्रांचा प्रश्न याला जोडूनच येतो. संरक्षित जागेवर परवान्याशिवाय यंत्र फिरवणं गुन्हा आहे. इतरत्र जमीनमालकाची परवानगी पुरते. १९९६ चा खजिना कायदा मुख्यतः सोन्या-चांदीच्या वस्तू आणि एकत्र सापडलेली नाणी यांच्यासाठी आहे. रस्त्याकडेच्या वस्तीत मिळतं ते सुटं, झिजलेलं, चौथ्या शतकातलं तांब्याचं नाणं. बाजारात त्याला किंमत नाही, कायद्यात त्याला नाव नाही, पण अशी दोन-तीनशे नाणी नेमक्या जागांसह नोंदली तर वस्तीचा बाजार कुठे भरत होता ते नकाशावर उमटतं. जागा न नोंदता उचललं की काहीच उरत नाही. ऐच्छिक नोंदणीची योजना १९९७ पासून आहे आणि अनेक शोधकांनी तिच्यात मनापासून भर घातली आहे. नोंद न करणाऱ्याला मात्र ती काही करू शकत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. १९९० पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणाने बांधकाम करणाऱ्यावर पुरातत्त्वीय तपासणीची जबाबदारी टाकली, आणि या वस्त्यांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या पैशातून आलं. एचएस-२ या रेल्वेमार्गासाठी ब्लॅकग्राउंड्सला सुमारे ८० जणांच्या चमूने वर्षभर काम केलं. लोहयुगातली तीसहून अधिक गोल घरं, त्यांच्यावरून वाढलेली रोमन वस्ती, तीनशेहून जास्त नाणी, आणि दहा मीटर रुंदीचा रस्ता, जिथे चार मीटर अपेक्षित धरतात. त्याच मार्गावर एल्सबरीजवळ फ्लीट मार्स्टनला बाराशेहून जास्त नाणी, सोंगट्या खेळायचे फासे, घंटा, आणि सुमारे ४२५ दफनं, ज्यांतल्या दहाएक टक्के सांगाड्यांची शिरं वेगळी केलेली. नांगरटीने शंभर वर्षांत सावकाश नासण्यापेक्षा एकदा पद्धतशीर खोदून निघणं बरं नाही का?

आक्षेपातलं तथ्य मान्य आहे. ही उत्खननं झाली नसती तर हा लेख अर्धा झाला असता. पण त्यांच्यात एक अंगभूत मर्यादा आहे. खोदायची जागा मार्गाची आखणी ठरवते, प्रश्न ठरवत नाही. नवा महामार्ग जुन्या रोमन रस्त्याच्याच ओळीत रुंद केला तर दर्शनी भागाची एक चिंचोळी पट्टी मिळते आणि परसं कुंपणाबाहेर राहतात. बाह्यवळण काढलं तर परसांचा मागचा भाग मिळतो, पण ती कोणत्या घराची हे कळत नाही. फेनी स्ट्रॅटफर्डजवळची मॅजिओव्हिनिअम ही वॉटलिंग स्ट्रीट या रोमन रस्त्यावरची वस्ती अशीच तुकड्यातुकड्यांनी ओळखीची आहे. मिल्टन कीन्सला राहणारे मराठी वाचक तिच्या अगदी जवळून रोज जात असतील. शिवाय विकासाच्या वाटेत न येणाऱ्या वस्तीला या धोरणाने एक पैसाही मिळत नाही. तिच्यावर फक्त नांगर चालतो. खोदून निघालेल्या मालाचे खोके ठेवायला अनेक संग्रहालयांत जागा उरलेली नाही, हे वेगळंच दुखणं.

आणखी एक आकडा या चर्चेत हवा. २०२५ च्या नोव्हेंबरात रोमन रस्त्यांची नवी विदा प्रसिद्ध झाली: २,९९,१७१ किलोमीटर, आधीच्या मोजणीपेक्षा एक लाख किलोमीटरहून जास्त. त्यात नेमकी जागा खात्रीने ठाऊक असलेल्या रस्त्यांची लांबी तीन टक्क्यांच्याही आत आहे. बाकीच्या बहुतेक रेघा ज्ञात ठिकाणं, मैलाचे दगड आणि जमिनीचा उतार-चढाव यांच्या आधाराने ओढलेल्या आहेत. वस्ती हे त्या रेघेचं टोक आहे. टोक पुसलं की रेघ कुठून ओढायची हा प्रश्न उरतो, म्हणून रस्त्यावर प्रेम करणाऱ्यानेही वस्तीची काळजी वाहायला हवी.

करायचं काय, हे अवघड नाही. जिथे हवाई छायाचित्रं आणि चुंबकीय सर्वेक्षणातून रस्त्याकडेची वस्ती स्पष्ट दिसते, तिथे ती संरक्षित करायला बांधकामाचा वेगळा पुरावा मागू नये. स्कॉटलंडची व्याख्या उचलावी. सहा वर्षांची सवलत अशा जागांवर बंद करावी, पण शेतकऱ्याला मोबदला दिल्याशिवाय नाही. पर्यावरणपूरक शेतीच्या योजनांमध्ये पुरातत्त्वीय जागा लागवडीखालून काढून कुरणाखाली ठेवायला, किंवा माती न उलटता उथळ मशागत करायला पैसे देण्याची तरतूद आहेच. ती ऐच्छिक आहे आणि धान्याला भाव चढला की मागे पडते. मोबदला पिकाच्या भावाशी जोडला नाही तर कागदावर राहील. खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्याचा वाटा वेगळा लिहावा, कारण पीक त्याचं बुडतं आणि रक्कम मालकाच्या खात्यात जाते. केंटमध्ये अ‍ॅशफर्डजवळ वेस्टहॉक फार्म इथे १९९८-९९ च्या उत्खननानंतर लोहकाम करणाऱ्या मोठ्या रोमन वस्तीचा बराचसा भाग नव्या घरांच्या शेजारी मोकळं मैदान म्हणून राखला गेला. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवर ब्लीसब्रुक-राइनहाइमला १९८९ पासून दोन्ही देशांनी मिळून एक अख्खी वस्ती, तिच्या कारागिरांच्या गाळ्यांसह, लोकांना बघायला खुली ठेवली आहे. राजवाडा नाही, किल्ला नाही, तरी लोक येतात.

आणि जिथे खोदणं अटळ आहे तिथे खोदण्याची रुंदी मार्गाच्या कुंपणाने ठरू देऊ नये. निदान दोन-तीन गाळे रस्त्याच्या मध्यापासून परसाच्या शेवटच्या चरापर्यंत सलग उघडावेत, ही अट परवानगीतच घालावी. वरची माती यंत्राने काढण्याआधी तिच्यावर आखीव पट्ट्यांत धातुशोधक फिरवून प्रत्येक वस्तूची जागा नोंदवावी, कारण भुई गेली असली तरी भुईवरच्या वस्तू बहुधा त्या मातीतच असतात. रस्त्याचा काप घेताना वरचा थर दिसला म्हणून थांबू नये. मूळ जमिनीपर्यंत जाऊन प्रत्येक डागडुजी वेगळी मोजावी आणि प्रत्येक थरातून तारखेसाठी नमुना घ्यावा. विहिरी तळापर्यंत रिकाम्या कराव्यात. खर्च वाचवायला त्या बहुतेकदा वरच्या सव्वा मीटरवर सोडल्या जातात, कारण त्याखाली आधार लावावा लागतो आणि पाणी उपसावं लागतं. पण चामडं, लाकूड, धान्य, शेणातले किडे आणि लेखणीने ओरखडलेल्या लाकडी पाट्या टिकतात त्या पाण्याखालच्या गाळातच. तो गाळ वाळू न देता बारीक चाळणीतून धुवायचा असतो, आणि त्यासाठीचे पैसे उत्खननाच्या पहिल्या अंदाजपत्रकात धरावे लागतात. नंतर ते मिळत नाहीत.